फ्यूज का उडाला, ते फ्यूजलाच विचारा

चतुर्थी जवळ आली की कोकणातले गिटारवाले जागे होतात. चार महिने माळ्यावर गोणपाटाखाली पडलेला व्हॉल्व्हचा (काचेच्या तापणाऱ्या नळ्यांचा) अ‍ॅम्प खाली उतरतो, कोणीतरी फडक्याने बुरशी पुसतं, पिन लावतं, आणि फट्. मग पत्र मला. यंदाच्या गठ्ठ्यात तीच पत्रं जास्त आहेत, म्हणून या वेळची सगळी उत्तरं विजेच्या बाजूची, म्हणजे मेन्स (भिंतीतून येणारी वीज) आणि एच.टी. (व्हॉल्व्हसाठी आत तयार होणारे शेकडो व्होल्ट). टोन, स्पीकर, पेडल यांची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली आहेत. रागावू नका.

उत्तरांआधी एक सांगते. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पची पिन भिंतीतून काढली तरी आत मरण शिल्लक असतं. फिल्टर कंडेन्सर चारशे-साडेचारशे व्होल्ट धरून बसतात, कधी काही मिनिटं, कधी कितीतरी तास. १९८७ साली बाबांच्या वेंगुर्ल्याच्या दुकानात मी एका अ‍ॅम्पची पिन काढली, आत जाऊन चहा केला, कप घेऊन परत आले आणि वायर बाजूला करायला बोट घातलं. हात मला न विचारता मागे गेला आणि कोपर फळीच्या कडेवर आपटलं. टाक्यांची खूण अजून आहे. बाबा एवढंच म्हणाले, "आता इसारचय नाय." नाही विसरले.

तेव्हापासूनची पद्धत अशी : १० के ओहम, १० वॅटचा रेझिस्टन्स घ्यायचा, त्याला चांगल्या इन्सुलेशनची वायर. एक टोक क्लिपने चासीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला), दुसरं टोक कंडेन्सरच्या प्लसला, पाच-सहा सेकंद. मग मीटरने मोजायचं. एचटीच्या साखळीत दोन-चार कंडेन्सर असतात, तेव्हा प्रत्येकावर मोजायचं. चहा पिऊन झाल्यावर पुन्हा मोजायचं, कारण मोठा कंडेन्सर रिकामा केल्यावरही थोडे व्होल्ट आपोआप परत वर आणतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणारे बहाद्दर मी पाहिलेत. त्यांचे स्क्रूड्रायव्हरही पाहिलेत, टोकाला खड्डे पडलेले. आणि चालू अ‍ॅम्पमध्ये मोजायचं असेल तर एकच हात. पुरुषांना खिसा असतो, मी डावा हात पदरात गुंडाळून कमरेला खोचते.

हे जमणार नसेल तर खालची उत्तरं नुसती वाचा आणि अ‍ॅम्प जाणत्याकडे न्या. त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : ताई, माझ्याकडे ५० वॅटचा, दोन ईएल३४ व्हॉल्व्हचा हेड (स्पीकर नसलेला अ‍ॅम्प) आहे. चालू केला की व्हॉल्व्ह पेटतात, काही होत नाही. स्टँडबायचं बटण टाकलं की दोन सेकंदांत मेन्सचा फ्यूज जातो. दोन अ‍ॅम्पियरचे चार फ्यूज घालवले. मग मित्राने पाचचा घातला, तोही गेला. आता काय करू?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आता मित्राला चहा पाजा आणि घरी पाठवा. पाचचा फ्यूज तगला असता तर त्याच्या जागी मेन्सचा ट्रान्स्फॉर्मर जळला असता. पाठीवर जो आकडा छापला आहे तोच घालायचा, आणि आकड्यासोबतचं अक्षरही बघायचं. टी म्हणजे दमाने उडणारा, एफ म्हणजे झटकन उडणारा. टीच्या जागी एफ घातला तर धडधाकट अ‍ॅम्पही सुरुवातीच्या धक्क्याला फ्यूज खातो.

ते चार उडालेले फ्यूज फेकले नसाल तर उजेडात धरा. काच आतून काळी किंवा आरशासारखी चंदेरी झाली असेल तर तार वितळली नाही, तिची वाफ झाली, म्हणजे थेट शॉर्ट. काच स्वच्छ आणि तार मधोमध लोंबून तुटलेली असेल तर करंट थोडाच जास्त होता, पण बराच वेळ होता. या दोन आजारांची औषधं वेगळी, आणि निदान फुकट तुमच्या हातात.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य 'व्हॉल्व्ह पेटतात, काही होत नाही' हे आहे. तुमच्याकडे स्टँडबाय एच.टी. तोडतं. म्हणजे मेन्सची वायर, स्विच, ट्रान्स्फॉर्मरचा प्रायमरी (मेन्सकडचं वाइंडिंग) आणि व्हॉल्व्ह तापवणारं हीटरचं वाइंडिंग ही मंडळी बहुधा निर्दोष. चोर स्टँडबायच्या पलीकडे आहे.

यापुढे फ्यूज जाळून शोध घेऊ नका. सिरीज बोर्ड करा : एक होल्डर, एक सॉकेट, फेजच्या वायरमध्ये बल्ब. पिवळ्या तारेचा जुना बल्बच हवा, एलईडी चालणार नाही. तुमच्या अ‍ॅम्पला १०० वॅटचा, लहान १५ वॅटच्या अ‍ॅम्पला ६० चा. अर्थिंगची वायर मात्र बल्बमधून न नेता सरळ सॉकेटला. आता आत पूर्ण शॉर्ट असला तरी १०० वॅटचा बल्ब अर्ध्या अ‍ॅम्पियरच्या पुढे जाऊ देत नाही. निरोगी अ‍ॅम्पला बल्ब सुरुवातीला लख्ख पेटतो आणि हीटर तापले की मंद होतो. पेटला तो पेटलाच राहिला, तर शॉर्ट.

मग एकेकाला घराबाहेर काढायचं. आधी दोन्ही ईएल३४ काढा. बल्ब मंदावला, तर दोष त्या व्हॉल्व्हमध्ये किंवा त्यांना मिळणाऱ्या बायसमध्ये, म्हणजे त्यांना आवरणाऱ्या उणे व्होल्टमध्ये. ग्रिडला उणे ३५-४० व्होल्ट मिळालेच नाहीत तर ईएल३४ ला कोणी आवरत नाही. व्हॉल्व्ह काढूनही बल्ब लख्खच असेल तर तीन संशयित उरतात : डायोड, फिल्टर कंडेन्सर, आउटपुट ट्रान्स्फॉर्मर. पिन काढून, कंडेन्सर रिकामे करून तिघांची झडती घ्या.

डायोड मीटरच्या डायोडच्या खुणेवर एका बाजूने ०.५-०.६ दाखवतो, उलट काहीच नाही. दोन्ही बाजूंनी शून्य असेल तर तो गेला. इथे एक हिशोब करून बघा. तुमचं वाइंडिंग ३५०-०-३५० चं आहे असं धरा. शिखर ४९५ व्होल्ट, आणि दोन डायोडच्या रचनेत बंद डायोडवर त्याची दुप्पट येते, ९९०. बाजारातला ४००७ नंबरचा डायोड हजार व्होल्टचा. म्हणजे बरोबर काठावर! रात्री बारानंतर लाइन २५० झाली की तेच १०७५ होतात. म्हणून शहाणे कारखानदार प्रत्येक बाजूला दोन डायोड एकापुढे एक लावतात, आणि 'एकच पुरे' म्हणून दुसरा काढणारे मेकॅनिक मला पत्रं मिळवून देतात.

कंडेन्सरला ओहमवर धरलं की आकडा खालून वर चढत गेला पाहिजे. शे-दीडशे ओहमवर अडून बसला तर तो शॉर्ट. आउटपुट ट्रान्स्फॉर्मरच्या प्रायमरीच्या मधल्या टोकापासून दोन्ही व्हॉल्व्हच्या प्लेटांपर्यंत (एच.टी. जिथे पोचते त्या पिनांपर्यंत) दोन आकडी ओहम येतात. दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात, त्याला घाबरू नका. चासीकडे मात्र काहीही येता कामा नये. आतल्या आत वेढे चिकटले असतील तर ओहमच्या मीटरला ते दिसत नाही. त्यासाठी ट्रान्स्फॉर्मरची टोकं सोडवून घ्या आणि ६-०-६ चा छोटा ट्रान्स्फॉर्मर, कुठल्याही दुकानात मिळतो तो, त्याचे १२ व्होल्ट पूर्ण प्रायमरीवर द्या. मधल्या टोकापासून दोन्हीकडे सहा-सहा आले तर ठीक. एकीकडे चार आणि दुसरीकडे आठ आले तर वाइंडिंगवाल्याचा पत्ता शोधा.

हे सगळं लिहिलं, पण पैज लावायची झाली तर मी चौथ्याच ठिकाणी लावीन. ईएल३४ च्या सॉकेटवर. त्यात तीन नंबरची पिन प्लेटची आणि तिच्या शेजारी दोन नंबर हीटरची. चारशे व्होल्टला लागून सहा व्होल्ट, मध्ये बोटाच्या पेरापेक्षा कमी जागा. त्या जागेत आपल्याकडे जूनपासून खारी दमट हवा आणि वर धूळ. एकदा का ठिणगीने वाट पाडली की बेकलाइट जळून कोळसा होतो, आणि कोळशातून वीज आरामात जाते. कंडेन्सर रिकामे झाल्याची खात्री करून चासी उलटी करा, मोठा दिवा न घेता बारीक टॉर्च आडवी धरा आणि दोन व तीनच्या मध्ये बघा. केसाएवढी काळी रेघ, मुंग्यांच्या वाटेसारखी वाकडी, दिसते का? जवळ नाक नेलंत तर जळक्या मासळीसारखा वास येतो. रेघ ब्लेडने खरवडून भागत नाही, खाली कोळसा उरतोच. सॉकेट बदला, पोर्सलीनचं घाला. आणि हीटरच्या दोन्ही वायरींवरून चासीला गेलेले १०० ओहमचे दोन छोटे रेझिस्टन्स असतील तर तेही तपासा. प्लेटची वीज हीटरमध्ये शिरली की पहिला बळी त्यांचा जातो. ते जळून तुटले असतील तर पुढे अ‍ॅम्प घूंऽऽ करत राहील आणि तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल.

प्रश्न : आमचा गावात बँड आहे. गिटारच्या तारांवर हात ठेवून माइकजवळ तोंड नेलं की ओठाला झटका बसतो. गिटारवाला म्हणतो माइकची चूक, साउंडवाला म्हणतो गिटारची. अ‍ॅम्पच्या पिनचा जाड अर्थचा पाय कोणीतरी कापलेला आहे, त्याने गुणगुण कमी होते म्हणे.
– तिघे मित्र, देवगड

उत्तर : पाय कापणाऱ्याला शोधा. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या चासीला जोडलेल्या असतात. अर्थिंग तोडलं की ती चासी अधांतरी. माइक साउंडवाल्याच्या मिक्सरमधून अर्थला. मधला पूल म्हणजे तुमचा ओठ.

तारा आणि माइकची जाळी यांच्यात मीटर एसीवर धरा. शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसले तरी त्यावरून धोका किती ते कळत नाही, कारण मीटर करंट ओढत नाही. मीटरला समांतर १० के, १० वॅटचा रेझिस्टन्स लावा. आकडा दोन-चार व्होल्टवर कोसळला तर तो झिरपा आहे, मुंग्या आणणारा. नाही कोसळला तर आत फेज चासीला भिडली आहे, आणि त्या अ‍ॅम्पवर गाणारा माणूस नशिबावर गातो आहे. कुठलाही निकाल आला तरी नवी तीन वायरींची कॉर्ड आणि तीन पिनांचा प्लग घाला, आणि हिरवी वायर चासीला स्वतंत्र बोल्टने, दातेरी वॉशर घालून कसा. ट्रान्स्फॉर्मरच्या बोल्टला नको, तो कधीतरी ढिला होतो.

आता भिंतीतल्या तिसऱ्या भोकात खरंच अर्थिंग आहे का, हा कोकणातला मोठा प्रश्न. आपला जांभा पाणी धरून ठेवत नाही. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा भाकरीसारखा कोरडा होतो, आणि कोरड्या जांभ्यात गाडलेली पट्टी केवळ शोभेची. खड्ड्यात मीठ-कोळसा घालायचा आणि उन्हाळ्यात रोज कळशीभर पाणी ओतायचं, ही आपल्या वाडवडिलांची रीत बरोबर आहे. काही वायरमन फेज आणि अर्थ यांच्यात १०० चा बल्ब पेटवून 'अर्थिंग आहे' असं सांगतात. मला ती रीत पसंत नाही. अर्थिंग खराब असेल तर तेवढ्या वेळात घरातल्या फ्रीजपासून पंपापर्यंत सगळ्या लोखंडाला फेज मिळते. अर्थ टेस्टरवाला माणूस बोलवा.

गुणगुण राहिलीच तर ती वेगळ्या उपायांनी घालवता येते. अर्थ तोडून नाही.

प्रश्न : मामा शिपवर होते. त्यांनी अमेरिकेतून आणलेला जुना अ‍ॅम्प माझ्याकडे आहे. पाठीवर ११७ व्होल्ट, ६० सायकल, आणि दोन पिनी. चुलतभावाने तो थेट २३० ला लावला. दिवा एकदम लखलखला आणि सगळं गेलं. आता ११० चा स्टेप-डाऊन आणला, नवीन फ्यूज घातला, तरी फ्यूज जातो. वाचेल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : आपल्या किनाऱ्यावर असे मामांचे अ‍ॅम्प बरेच आहेत, आणि असे चुलतभाऊही.

आधी आशेची गोष्ट. तुमच्या अ‍ॅम्पमध्ये रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) व्हॉल्व्हचा असेल, जीझेड३४ किंवा ५यू४, तर तो तापायला काही सेकंद घेतो. चुलतभावाच्या एका क्षणात तो थंडच होता, म्हणजे दुप्पट एच.टी. तयारच झाली नाही. फिल्टर कंडेन्सर आणि आउटपुट ट्रान्स्फॉर्मर सुखरूप असण्याची शक्यता चांगली आहे. डायोडचा अ‍ॅम्प असता तर ४५० चे कंडेन्सर आठशेला फुटले असते.

सिरीज बोर्ड स्टेप-डाऊनच्या आधी, २३० च्या बाजूला लावा. रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढा. बल्ब मंदावला तर दोष रेक्टिफायरच्या पुढे. नाही मंदावला तर बाकीचे सगळे व्हॉल्व्ह काढा, मग ट्रान्स्फॉर्मरच्या सेकंडरीच्या सगळ्या वायरी एकेक खूण करून सोडवा आणि टोकं टेपने झाका. मागे काहीही जोडलेलं नसताना बल्ब लख्ख राहिला, तर तो ट्रान्स्फॉर्मर गेला. तो नव्याने बांधून घेताना प्रायमरी २३० व्होल्ट, ५० सायकलचा सांगा, म्हणजे स्टेप-डाऊनची कटकट कायमची गेली.

ट्रान्स्फॉर्मर वाचला असेल तर तीन गोष्टी. पहिली : ६० सायकलसाठी केलेलं लोखंड आपल्या ५० वर जास्त तापतं. लाइन २५० झाली की तुमचा ११० चा डबा १२० देतो, तेव्हा आणखी. तासाभराने ट्रान्स्फॉर्मरवर पाच सेकंद तळहात टेकवता आला नाही तर वाजवणं थांबवा. दुसरी : तो स्टेप-डाऊन ऑटो आहे की दोन वाइंडिंगचा, ते बघा. पिन काढून २३० च्या आणि ११० च्या बाजूच्या पिनांत ओहम मोजा. काही ओहम आले तर ऑटो, म्हणजे मधे भिंत नाही. दोन पिनी उलट्या लागल्या तर अ‍ॅम्पला जाणाऱ्या दोन्ही वायरी अर्थच्या तुलनेत जिवंत. ११० म्हणजे कमी शॉक, हा गैरसमज इथेच माणसं मारतो. दोन वाइंडिंगचा, निदान ३०० व्हीएचा घ्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. त्या काळच्या अमेरिकन अ‍ॅम्पांत मेन्सच्या एका वायरीपासून चासीला एक कंडेन्सर लावलेला असतो, बहुधा ०.०४७ मायक्रोफॅरड, ६०० व्होल्टचा, सोबत 'ग्राउंड' लिहिलेलं एक बटण. दोन पिनींच्या जगात गुणगुण कमी करायला. धडधाकट असताना तो २३० वर सुमारे साडेतीन मिलिअ‍ॅम्पियर चासीत सोडतो, झिणझिण्या येतात. शॉर्ट झाला की पूर्ण फेज तारांवर. अमेरिकेतले मेकॅनिक त्याला मरणाचा कंडेन्सर म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. तो बदलू नका, कापून टाका, तीन वायरींची कॉर्ड घाला आणि ते बटण जागच्या जागी शोभेला राहू द्या. मामांची आठवण म्हणून.

प्रश्न : २०२१ च्या जुलैतल्या पुरात माझा अ‍ॅम्प दीड दिवस पाण्याखाली होता. तेव्हापासून तसाच बंद आहे. चालू करून बघू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नको! वाशिष्ठीचा गाळ ट्रान्स्फॉर्मरच्या कागदाच्या थरांत शिरला असेल, आणि वरून वाळलेला दिसला तरी आत ओल असते. फिल्टर कंडेन्सर सगळे टाकून द्या, ते असेही इतकी वर्षं पडून मेले असतील. स्विच, सॉकेटं, कंट्रोल गोड्या पाण्याने धुऊन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. ट्रान्स्फॉर्मर सोडवा, पत्र्याच्या डब्यात ६० वॅटच्या बल्बसोबत आठवडाभर ठेवा, डब्याला वर-खाली भोकं पाडून. बाबांच्या दुकानात पावसाळ्यात हा डबा कधी रिकामा नसे, रेडिओचे ट्रान्स्फॉर्मर रांगेत असत. मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) वाइंडिंग ते लोखंड आणि वाइंडिंग ते वाइंडिंग तपासा. हजारो मेगओहम हवेत. दोन-चार मेगओहमवर रेंगाळत असेल आणि आणखी आठवड्याने वाढत नसेल तर आशा सोडा. व्हॉल्व्ह मात्र काचेत बंद असतात, त्यांना पुराचं काही वाटत नाही. पिना घासा, तुमचे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने ईसीसी८३ असतील तर जपून ठेवा.

प्रश्न : माझ्या अ‍ॅम्पमध्ये दोन ६एल६ आहेत. दहा मिनिटं ठीक, मग एकाच व्हॉल्व्हची प्लेट लाल व्हायला लागते. व्हॉल्व्ह नवे आहेत. विकणारा म्हणतो, तुमच्याकडची लाइट वाईट.
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : लाइट वाईट असती तर दोन्ही लाल झाले असते. लाली दिसली की लगेच स्टँडबाय, 'किती लाल होतो बघू' म्हणत बसू नका. गार झाल्यावर दोघांची जागा बदला. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली तर विकणाऱ्याला परत द्या. लाली त्याच सॉकेटवर राहिली तर दोष तुमच्या घरचा.

दहा मिनिटांनी होतं, म्हणजे तापल्यावर काहीतरी गळतंय, आणि तसं गळणारं पात्र बहुधा कपलिंग कंडेन्सर असतं. दोन्ही ६एल६ काढा, काळी क्लिप चासीला आधीच लावून ठेवा, मग अ‍ॅम्प चालू करून दहा मिनिटं तापू द्या आणि पाच नंबरच्या पिनेवर दोन्ही सॉकेटांत डीसी मोजा. व्हॉल्व्ह काढल्याने एच.टी. नेहमीपेक्षा वर असेल, हात जपा. दोन्हीकडे उणे ४५-५० च्या आसपास सारखं हवं. एकीकडे उणे ४८ आणि दुसरीकडे उणे २५ असेल तर त्या बाजूचा कंडेन्सर आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटचे प्लस व्होल्ट ग्रिडवर सोडतो आहे. दोन्ही कंडेन्सर बदला, ६०० व्होल्टचे. दोन्ही वाचनं सारखी आली तर सॉकेटची पाच नंबरची पकड बघा. खाऱ्या हवेने ती हिरवी होते, बायस पिनेपर्यंत पोचतो पण व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही.

दुरुस्तीनंतर बायस लावताना : ६एल६जीसीची मर्यादा ३० वॅट, त्याच्या सत्तर टक्के २१. प्लेटला ४४० असतील तर ४८ मिलिअ‍ॅम्पियरच्या आत राहा. मी चाळीसला थांबते. आवाजात फरक ऐकू येतो म्हणणारे मला अजून डोळे मिटून ओळखून दाखवायचे आहेत.

प्रश्न : मावशी, मी अकरावीत आहे. अ‍ॅम्प सतत घूं करतो. फिल्टर कंडेन्सर बदलायचा की नाही, हे उघडल्याशिवाय कळेल का?
– एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : कळेल, आणि तू उघडूही नकोस. गिटार सुरात लाव. सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर बोट ठेव आणि वाजव. तो सूर ९८ हर्ट्झचा. अ‍ॅम्पची घूं त्याच्याशी जवळजवळ जुळते का? जुळली तर ती १०० ची, म्हणजे रेक्टिफायरनंतरची, आणि कंडेन्सर थकलेत. एक सप्तक खाली, अगदी खोल असेल तर ५० ची. ती हीटर, अर्थिंग किंवा शेजारी ठेवलेल्या चार्जरची असते. आधी गिटारची केबल काढून ऐक, मग जागा बदलून ऐक. जे ऐकलंस ते कागदावर लिहून मेकॅनिकला दे. तो तुला वेगळ्या नजरेने बघेल.

प्रश्न : घरी आरसीसीबी बसवला आहे. पावसाळ्यात अ‍ॅम्प लावला की तो पडतो, उन्हाळ्यात नाही. आरसीसीबी असल्यावर अ‍ॅम्प उघडून काम करणं सुरक्षित ना?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : दोन प्रश्न आहेत, दुसरा आधी. नाही. तुमचा आरसीसीबी फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांतला ३० मिलिअ‍ॅम्पियरचा फरक ओळखतो. एच.टी. ट्रान्स्फॉर्मरच्या पलीकडे तयार होते. तुम्ही एका हाताने ४५० व्होल्टला आणि दुसऱ्याने चासीला धरलंत तर तो करंट तुमच्यातून फिरून ट्रान्स्फॉर्मरलाच परत जातो. भिंतीतल्या आरसीसीबीला त्याची वार्ताही नसते.

पहिल्याचं उत्तर ओल. मेन्सच्या सॉकेटमधला फिल्टर, फ्यूज होल्डर, स्विच, आणि शेवटी ट्रान्स्फॉर्मर, या क्रमाने मेगर करा. चिपळूणच्या उत्तरातला बल्बचा डबा तुम्हालाही चालेल. आरसीसीबीला बगल देऊन अ‍ॅम्प लावू नका, तो चूक करत नाहीये.

प्रश्न : जत्रेत जनरेटरवर वाजवत होतो. मध्येच मांडवातल्या अर्ध्या ट्यूब लख्ख झाल्या, अर्ध्या मंद. माझ्या अ‍ॅम्पमधून धूर. काय झालं असेल?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : न्यूट्रल सुटली. तीन फेजच्या लाइनीत न्यूट्रल ढिली झाली की ज्या फेजवर भार कमी, तिचे व्होल्ट चढतात, थेट चारशेच्या दिशेने. तुम्ही कमी भाराच्या फेजवर होतात, नशीब तुमचं. धूर मेन्स ट्रान्स्फॉर्मरचा की फिल्टर कंडेन्सरचा, ते सिरीज बोर्डवर वर सांगितल्याप्रमाणे ठरवा. पुढच्या जत्रेत बत्त्या कमी-जास्त व्हायला लागल्या की गाणं पूर्ण करायच्या फंदात न पडता पिन ओढा.

प्रश्न : तुमचं दुकान चालू आहे का? अ‍ॅम्प एस.टी.च्या पार्सलने पाठवू का?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : चालू आहे, अर्धा दिवस, डोळ्यांना झेपेल तेवढं. पाठवलात तर व्हॉल्व्ह काढून, कुठला कुठल्या सॉकेटचा ते नंबर टाकून, वर्तमानपत्रात वेगळे गुंडाळा. आतला ट्रान्स्फॉर्मर घाटात हलतो, तेव्हा खोका उभा राहील असा बांधा. आणि जो फ्यूज उडाला आहे तोच जागेवर ठेवून पाठवा, नवा घालून नको.